जुळाऱ्याचा हात आणि संगणकावरची मराठी

स्टीव्ह जॉब्झच्या सुलेखनाची गोष्ट आता शाळकरी पोरांनाही पाठ झाली आहे. ऑरेगनमधल्या रीड कॉलेजातून नाव काढून घेतल्यावर तो तिथल्या सुलेखनाच्या वर्गात जाऊन बसू लागला. अक्षरांच्या वळणांचे आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेचे मर्म त्याला तिथे कळले, आणि १९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला तेव्हा त्याच्या पडद्यावर सुबक टंक होते. २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्याने स्वतःच ही हकीकत सांगितली. तो वर्ग शिकवणारे रॉबर्ट पॅलाडिनो हे पूर्वी ट्रॅपिस्ट पंथाच्या मठातले साधू होते, हा तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. मला तोच मोलाचा वाटतो. मठातली लेखणी विद्यार्थ्याच्या डोळ्यांत उतरली, तिथून यंत्रात गेली आणि मधल्या माणसाचे नाव गळून पडले.

आपल्या लिपीच्या बाबतीतही असेच घडले आहे. आज मराठी माणूस संगणकावर जे मराठी वाचतो, ते घडविणाऱ्यांत कोणी जाहिरातीच्या धंद्यातला चित्रकार होता, कोणी छापखान्यातला जुळारी, कोणी टंकलेखनाच्या वर्गात बोटे घासलेली मुलगी. संगणकाचे शास्त्र त्यांनी मागाहून घेतले. आधीच्या धंद्याने लावलेली नजर मात्र सुटली नाही, आणि ती सुटली नाही म्हणून आपली भाषा त्या यंत्रात बऱ्यापैकी शाबूत पोचली, असे माझे मत आहे.

मत बनवायला मला कारण आहे. १९७४ पासून पंधरा वर्षे मी बेळगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवीत होतो. पुढे छापखान्यात डी.टी.पी. आले तेव्हा मालकांनी मला त्या यंत्रापुढे बसविले, आणि २००१ पासून निवृत्त होईपर्यंत मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीच्या भारतीय भाषा विभागात काम केले. तिथे माझ्याजवळ पदवी नव्हती, फक्त केस पाठ होती.

संगणकाचा माणूस म्हणजे संगणकाची पदवी घेतलेला माणूस, ही समजूत फार अलीकडची आहे. सुरुवातीला तशी पदवीच नव्हती. व्यापारी कामासाठी रोजच्या रोज चालणारा जगातला पहिला संगणक इंग्लंडमधल्या एका चहावाल्या कंपनीने बांधला, हे सांगितले तर पुष्कळांना थट्टा वाटते. जे. लायन्स ही ती कंपनी. तिची चहाची दुकाने गावोगाव होती आणि केक-पावाची भट्टी मोठी होती. केंब्रिज विद्यापीठात संगणक बांधणे चालले होते, त्याला लायन्सने तीन हजार पौंड आणि आपला एक माणूस दिला, आणि त्या नमुन्यावर ‘लिओ’ नावाचा स्वतःचा संगणक उभारला. नोव्हेंबर १९५१ मध्ये भट्टीतल्या मालाच्या हिशेबाचे काम त्यावर नेमाने सुरू झाले. हे काम बसविणारे डेव्हिड कॅमिनर लायन्सच्या कचेरीतच तयार झालेले. कोणता कागद कोणाच्या टेबलावरून कुठे जातो, दुकानाची मागणी कुठे अडते, हे त्यांना आधीपासून माहीत होते. त्यांच्या हाताखाली कार्यक्रम लिहिणाऱ्या मेरी कूम्ब्स फ्रेंच भाषेच्या पदवीधर. चहाच्या दुकानाचा हिशेब ज्यांना ठाऊक, त्यांनाच यंत्राकडून तो करून घेता आला.

आता आपल्या खिळ्यांकडे वळतो.

इंग्रजी जुळवायला दोन केसेस पुरत. मराठीला त्याच्या दुप्पट लागत. अखंड टाइपात काना-मात्रांसह अक्षर एकसंध ओतलेले असे, म्हणून खिळ्यांची संख्या शेकड्यांनी वाढे. डिग्री टाइपात मधल्या ओळीत अक्षरे, वरच्या ओळीत मात्रा-वेलांट्या आणि खालच्या ओळीत उकार असे तीन मजले रचावे लागत. देवनागरीचे हे ‘मुंबई वळण’ ज्यांच्यामुळे देशभर गेले, ते निर्णयसागरचे जावजी दादाजीही पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागलेले. शाळा जवळजवळ झालेलीच नव्हती. १८६४ मध्ये त्यांनी टाइप ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ मध्ये छापखाना. अक्षर चांगले का वाईट हे त्यांना हाताने कळत असे.

आमच्या छापखान्यात मराठी केसच्या शेजारी कानडी केस असे. बेळगावात ते ओघानेच आले. लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. आमचे हेड कंपॉझिटर दोन्ही लिप्या सारख्याच वेगाने जुळवीत. सगळे त्यांना मामा म्हणत. मी नवा असताना माझ्या हातून स्टिक घेऊन ते एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगायचे, “कानानं वाच, बोटानं जुळव. दोन्ही येक करू नको बघ.”

याचा अर्थ नीट सांगायला हवा, कारण पुढचा सगळा संगणक त्यात आहे. ‘किती’ हा शब्द बोलताना आधी क येतो, मग इकार. जुळवताना मात्र आधी वेलांटी उचलायची, मग क. ‘सूर्य’ बोलताना र आधी, य मागून. पण मराठीत जुळवताना तो र रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. कानडीत त्याच सूर्यातला र, अर्कावत्तु होऊन, य च्या पलीकडे उजवीकडे जाऊन बसतो. उच्चार एकच, पण एका लिपीत र वर आणि दुसऱ्या लिपीत मागे. जुळारी कागदावरचा मजकूर मनात बोलण्याच्या क्रमाने वाचतो आणि हाताने दिसण्याच्या क्रमाने मांडतो, तोही उलट्या अक्षरांत. दोन्ही क्रम त्याच्यापाशी वेगळे असतात आणि त्यांच्यातली देवघेव त्याची बोटे करतात.

टंकलेखनयंत्राने ही देवघेव बंद केली. त्याला डोके नाही. कळ दाबली की ठसा उमटतो. म्हणून मराठी टंकलेखकाला वेलांटी आधी मारावी लागे, अर्धे अक्षर वेगळे आणि काना वेगळा. यंत्राची ही अडचण सोडवायची तर लिपीच बदला, असे म्हणणारे थोर लोक आपल्याकडे कमी नव्हते. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी अ ची बाराखडी पुढे आणली. १९५३ साली लखनौला लिपिसुधार परिषद भरली आणि ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजव्या बाजूला लिहावा असे ठरले. तो ठराव पुढे सोडून द्यावा लागला. या मंडळींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. छापखान्याचा खर्च त्यांनी जवळून पाहिला होता. पण त्यांच्यासमोरचे यंत्र हे शेवटचे यंत्र नव्हते.

संगणकाला डोके देता येते, हे प्रथम ज्यांनी देवनागरीच्या कामी लावले ते कानपूरच्या आय. आय. टी. मधले लोक. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथे देवनागरी टर्मिनल तयार झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर हे काम तिकडे आले आणि ‘जिस्ट’ नावाने ओळखले जाऊ लागले. याच काळात भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही सांकेतिक क्रमांकांची पद्धत ठरली. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. तिचे तत्त्व असे, की यंत्राच्या पोटात मजकूर बोलण्याच्या क्रमाने साठवायचा, आणि पडद्यावर दाखवताना वेलांटी पुढे नेणे, रफार वर चढविणे हे सॉफ्टवेअरने करायचे. १९९१ साली आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच उचलली. पुण्याच्या कंपनीत हे तत्त्व मला पहिल्यांदा फळ्यावर समजावून सांगण्यात आले, तेव्हा सांगणारा तरुण ‘शेपिंग इंजिन’ असा शब्द वापरत होता. त्या इंजिनाला मी पंधरा वर्षे ओळखत होतो. ते खाकी हाफपँट घालून आमच्या छापखान्यात खिडकीपाशी उभे असे.

‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलकही याच विचारातला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, क आणि ख एकाच कळीवर. ज्याला वर्णमाला येते त्याला तो आठवड्यात येतो. तरीही बाजारात तो लवकर रुजला नाही, कारण छापखान्यांनी आणि कचेऱ्यांनी संगणकापुढे ज्यांना बसविले ते सारे टंकलेखनाच्या वर्गातून आलेले. त्यांच्या बोटांत जुना कळफलक मुरला होता, आणि विकणाऱ्या कंपन्यांनी त्यांना तोच दिला. त्या मुलींना नावे ठेवणारे विद्वान मी पाहिले आहेत. त्यांनी मिनिटाला चाळीस शब्द मारून दाखवावेत आणि मग बोलावे.

आता त्या माणसाकडे येतो, ज्याचे नाव आपल्या पोरांना जॉब्झइतके माहीत असायला हवे होते. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे र. कृ. जोशी. जन्म १९३६. मुंबईत जे. जे. मध्ये कला शिकले आणि वीस-पंचवीस वर्षे जाहिरात संस्थांत काढली. मराठीत त्यांनी कविता लिहिल्या, आणि त्याही अशा की ज्यांत शब्दांची कागदावरची मांडणीच अर्थ सांगते. १९८३ मध्ये ते मुंबईच्या आय. आय. टी. मधल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवायला गेले. तेथून निवृत्त झाल्यावर, म्हणजे लोक नातवंडे सांभाळतात त्या वयात, ते मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संगणकाचे टंक घडवू लागले. हे केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले.

२००० साली विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा देवनागरी टंक आला, तो त्यांच्या देखरेखीखाली झालेला. त्याबरोबरचा तमिळ ‘लता’ही त्यांचाच. आणि आमच्या भागाला विशेष गोडी वाटावी अशी गोष्ट म्हणजे पाठोपाठ आलेला कानडी ‘तुंगा’ हाही त्यांच्याच हातचा. गेली वीसपंचवीस वर्षे आमच्याकडे मराठी निवेदन आणि त्याला आलेले कानडी उत्तर, दोन्ही कित्येकदा एकाच माणसाच्या अक्षरात छापलेली असतात, हे दोन्ही बाजूंच्या लोकांना ठाऊक नसते. मामांच्या दोन केसेस मला इथे आठवतात.

मंगल हा सुंदर टंक आहे असे मी म्हणणार नाही. रुक्ष दिसतो. निर्णयसागरच्या अक्षराची ऐट त्यात नाही. पण २००० सालचे पडदे आठवा. मोजके ठिपके, आणि तेवढ्यात वर मात्रा, अनुस्वार, रफार, खाली उकार बसवायचे. नुसता सुलेखनकार असता तर त्याने देखणे अक्षर काढले असते आणि बारा आकारात ते चिखल झाले असते. जाहिरातीच्या धंद्यात जोशींनी औषधाच्या खोक्यापासून रस्त्यावरच्या फलकापर्यंत अक्षर कुठे वाचले जाते आणि कुठे फसते हे पाहिले होते, असे मला तो टंक बघताना वाटते. आणि नुसता जाहिरातवाला असता, तर जोडाक्षरे तोडून हलन्त लावून मोकळा झाला असता. बोरूने अक्षर काढलेल्या माणसाला क्ष, ज्ञ, द्ध हे तुकड्यांचे जोडकाम वाटत नाही. ‘लिपीला यंत्राच्या मापाचे करा’ हा अर्धशतकाचा आग्रह त्यांच्या पिढीने परतवला, तो भाषणांनी नव्हे, टंक घडवून.

या सगळ्यात मराठीची म्हणून एक खास अडचण होती. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. पहिल्यात रफार, दुसऱ्यात तो आडवा, पापणीसारखा अर्धा र. हिंदीला याची गरज पडत नाही. आपल्याला नोकऱ्या, भाकऱ्या, बिऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा असे पावलोपावली तो लागतो. खुद्द ‘जुळाऱ्याचा’ हा शब्द त्याच्याशिवाय छापता येत नाही. केसमध्ये त्याला स्वतंत्र घर होते, म्हणून आम्हाला तो प्रश्न कधी पडला नाही. युनिकोडमध्ये त्याची सोय झाली ती मोठ्या गमतीदार वाटेने. ऱ हे अक्षर देवनागरीच्या यादीत द्राविडी भाषांतला कठोर र दाखविण्यासाठी ठेवले होते. जुन्या कानडी शिलालेखांत तो र वेगळ्या अक्षराने लिहिलेला असतो, हळेगन्नड वाचणारे जाणतात. त्या पाहुण्या अक्षराचा पाय मोडला की आपला पापणीचा र उमटावा असे ठरले. इनस्क्रिप्टवर तो र च्याच कळीवर, वरच्या मजल्यावर आहे.

आमच्या विभागात २००६ च्या सुमारास एका कार्यालयाच्या नावांच्या याद्या आल्या. डी.टी.पी.च्या जुन्या टंकातल्या याद्या युनिकोडमध्ये आणायच्या होत्या. रूपांतराचा कार्यक्रम त्या कार्यालयाने आधीच कोणाकडून तरी करून घेतला होता आणि काही याद्या छापूनही झाल्या होत्या. मी त्या वाचायला घेतल्या तर सगळे कुऱ्हाडे ‘कुर्हाडे’ झालेले, सगळे गोऱ्हे ‘गोर्हे’. जुन्या टंकात दोन्ही र ना वेगवेगळी जागा होती. कार्यक्रम लिहिणाऱ्याने दोन्हींना एकच क्रमांक दिला होता. शेजारी बसणारा इंजिनिअर मुलगा म्हणाला, “काका, दोन्ही अर्धा रच ना? दिसायला वेगळा, एवढंच.”

मुलगा हुशार होता, आणि तबला शिकलेला होता. मी त्याला व्याकरण सांगितले नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ टेबलावर वाजवून दाखव म्हटले. दर्यात पहिले अक्षर जड होते, त्यावर हात थांबतो. दऱ्यात ते हलकेच राहते. दोन वेळा वाजवून तो थांबला, मग स्वतःच कुऱ्हाडे वाजवून पाहिले आणि काही न बोलता तक्ता उघडला. नुसते तक्ते बघणाऱ्याला जे मी दिवसभर समजावले असते, ते तबल्याच्या कानाला पाच मिनिटांत कळले. आमच्याकडच्या याद्या दुरुस्त झाल्या. आधी छापून गेलेल्या मात्र तशाच राहिल्या.

हे एवढे काय, असे पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. सीमाभागात नाव हा कागद असतो. शाळेच्या दाखल्यावर मराठी, उताऱ्यावर कानडी, ओळखपत्रावर इंग्रजी अशा तीन लिप्यांतून एकाच माणसाचे नाव फिरते आणि दर वळणावर थोडे झिजते. त्यात मूळ मराठीतच ते बदलले, तर बाकीच्या दोन्हींना धरायला काही उरत नाही. मग स्टँपपेपर आणायचा आणि आपण तेच आहोत अशी शपथ घ्यायची.

गुंता अजून पुरता सुटलेला नाही. पापणीचा र उमटवायची दुसरीही एक रीत आहे; साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालायचे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या पोटात क्रमांक वेगळे, त्यामुळे एका रीतीने लिहिलेले ‘दऱ्या’ दुसऱ्या रीतीने शोधले तर पुष्कळदा सापडत नाही. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळायला २००८ उजाडावे लागले, तोवर अ वर चंद्र चिकटवून भागवले जात होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत र. कृ. जोशी गेले.

डी.टी.पी.च्या दशकातला मजकूर हे याहून मोठे दुखणे. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या टंकाचे क्रमांक निराळे. मराठी अक्षरे इंग्रजी क्रमांकांच्या जागी बसविलेली. तो टंक जवळ नसला की पानभर मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरांची पेंड दिसते. आमच्या छापखान्यात निघणाऱ्या एका दिवाळी अंकाचे १९९३ पासूनचे दहा अंक अशाच साडेतीन इंची फ्लॉप्यांवर आहेत. खिळ्यांवर छापलेले त्याआधीचे अंक वाळवी लागूनही वाचता येतात; हे येत नाहीत. काही अंकांची छापील प्रत कोणाकडेच उरलेली नाही.

मालकांच्या मुलाने जुना संगणक माळ्यावरून काढून दिला आहे. चालू आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे बसतो आणि त्या टंकाचे क्रमांक एकेक करून तक्त्यात मांडतो. पापणीचा र १९९४ च्या अंकात एका जागी आहे आणि १९९६ च्या अंकात दुसऱ्याच, कारण मधे कंपनी बदलली होती. १९९३ चा अंक पुरा झाला. १९९४ मधल्या तीन कथा आणि एक कविता निघाली आहे. चौथ्या कथेची फ्लॉपी वाचताना यंत्र अडखळते आहे.